प्लाऊ गावानं वाचवला

विदरथॉर्पमधला ‘प्लाऊ’ हा पब बंद झाला त्या रविवारी दुपारी आत आम्ही चौघं होतो. पब चालवणारी थेल्मा ऑडलिंग, बारमागे मी, खिडकीपाशी म्हातारा लेन, आणि रस्ता चुकलेला एक सायकलवाला. सायकलवाल्यानं संडास वापरला, लिंबाचं सरबत प्यायलं आणि “छान जागा आहे हो,” म्हणून निघून गेला. आजचा दिवस शेवटचा, असा कागद थेल्मानं पंधरवडाभर आधीच दारावर चिकटवला होता. अख्ख्या गावानं तो वाचला होता. कुत्रं फिरवायला निघालेली माणसं तेवढ्यापुरती थांबायची, ‘अरेरे’ म्हणायची आणि कुत्र्यामागनं पुढे जायची. आत यायचं कुणाला सुचलं नाही.

अंधार पडायच्या आत थेल्मानं खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या.

“ऊठ रे बाबा,” ती लेनला म्हणाली. “घरी जा आता.”

लेननं ग्लासाचा तळ बघून घेतला. “उद्या किती वाजता उघडणार?”

“उद्या नाही उघडणार, लेन. आता कधीच नाही.”

“बरं.” त्यानं टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “मग परवा येतो.”

हे मुद्दाम आधी सांगून ठेवते. कारण पुढे ह्याच गावानं प्लाऊसाठी असा काही गळा काढला, की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथे रोज संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची.

थेल्मा लग्न करून ह्या पबमध्ये आली तेव्हा विशीत होती. इमारत दूरच्या शहरातल्या एका बिअर कंपनीची, थेल्मा आणि तिचा नवरा केन तिथले भाडेकरू. वर राहायचं, खाली विकायचं. तेव्हा गावात शेतमजूर होते. बीट काढायच्या दिवसांत चिखलानं भरलेले बूट दाराबाहेर काढून माणसं आत दाटीवाटीनं उभी असायची. डार्ट्सच्या दोन टीम होत्या. शनिवारी केन अ‍ॅकॉर्डियन काढायचा आणि कुणीतरी हात जोडेपर्यंत वाजवायचा. मग शेतात यंत्रं आली, मजूर गेले, त्यांची घरं विकली गेली. घेणारे सगळे शहरातले. त्यांनी दोन-दोन घरं पाडून एक-एक केलं, दारापुढे गुलाब लावले, आणि वाईन सुपरमार्केटातून गाडीत घालून आणायला लागले. पुढे केन वारला. कंपनीचा माणूस विचारायला आला, “एकटीला झेपेल का?” थेल्मा म्हणाली, “तो होता तेव्हा कोण करत होतं?”

थेल्मा बुटकी, अंगानं रुंद, आणि केस स्वतःच कापायची ते दिसायचंही. तिच्या पबबद्दल मी खोटं सांगणार नाही. पब काही फार चांगला नव्हता. धुराडं वाकडं, त्यामुळे वारा पश्चिमेचा असला की धूर आत यायचा. वारा दुसरीकडचा असला की धूरही नाही आणि ऊबही नाही. खायला हॅमचं सँडविच आणि बरणीतली व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी. कुणी मेनू मागितला की ती बरणीकडे बोट दाखवायची. मी तिच्याकडे सोळा वर्षं काम केलं. पगार बेताचा, बोलणी भरपूर. पण माझा नवरा मला टाकून गेला त्या आठवड्यात तिनं मला एक प्रश्न विचारला नाही. माझी एली आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांना रोज शाळेतून आणायची, वरच्या खोलीत बसवून चिप्स खायला घालायची. मी आभार मानायला गेले की म्हणायची, “केरी, ग्लास धू.”

आता जाइल्स फेअरब्रदर. हा नव्या लोकांचा म्होरक्या. विमा कंपनीतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. पाद्र्याचं जुनं दगडी घर त्यानं घेतलं, ते प्लाऊच्या आवाराला लागूनच होतं. सकाळी आम्ही रिकाम्या बाटल्या पेटीत ओतायचो, तो आवाज त्याच्या बायकोला, रोझलिंडला, सोसायचा नाही. त्यानं कौन्सिलकडे तक्रार केली. डार्ट्सच्या दिवशी गाड्या लागतात म्हणून दुसरी केली. पबमध्ये स्वारी यायची वर्षातून एकदा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, दारोदार कॅरोल गात फिरणाऱ्या टोळक्याबरोबर. भिंतीतल्या शेकोटीपुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचा. एका वर्षी त्यानं वाईनचा ग्लास परत आणून बारवर ठेवला.

“ही वाईन कोमट आहे.”

“रेड आहे ती, गार देत नाहीत,” थेल्मा म्हणाली.

“मला माहीत आहे रेड आहे ते. पण ही विस्तवाजवळ ठेवली होती का?”

“हो. त्या बाजूला कुणी बसत नाही, म्हटलं हिला तरी बसू दे.”

त्यानंतर तो फोटोपुरता यायचा, प्यायचा नाही.

पब बंद झाल्यावर थेल्माला रस्त्याच्या पलीकडचं बैठं घर मिळालं. म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलनं बांधलेल्या घरांपैकी एक. खिडकीतून समोर प्लाऊ. कंपनीनं दारं-खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि इमारत हॉल्बीच्या एका बिल्डरला विकून टाकली. हॉल्बी म्हणजे आमचं बाजाराचं गाव, बसनं पाऊण तासावर. बिल्डरनं फळ्यांवर बोर्ड लावला: जुनी इमारत पाडून तिथे आणि गाड्या लावायच्या जागेवर मिळून सहा घरं. त्यातली दोन गावातल्याच लोकांना परवडेल अशा भाड्यानं द्यायची, ही कौन्सिलची अट.

तो बोर्ड मी दोनदा वाचला. मी पोरांना घेऊन भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होते. एली बारा वर्षांची. तिनं झोपेत पाय पसरले की ते धाकट्याच्या तोंडापाशी जायचे. भावाची बायको वाईट नव्हती, पण बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून उसासे टाकायची. मी कौन्सिलमध्ये जाऊन आले. तिथल्या बाईनं स्वच्छ सांगितलं, “जन्म ह्याच गावातला, पोरं पदरात. घरं झाली तर पहिला हक्क तुमचा.”

त्याच आठवड्यात गावातल्या फाटकाफाटकांवर हिरवे फलक लागले: ‘आपला प्लाऊ वाचवा’. आपला! फेअरब्रदरच्या फाटकावर सगळ्यांत मोठा. बिल्डरची सहाही घरं त्याच्या बागेच्या भिंतीला लागून येणार होती, ते फलकावर लिहिलेलं नव्हतं. कमिटी झाली. कमिटीतल्या दोघांना मी ओळखतसुद्धा नव्हते, आणि मी सोळा वर्षं गावातल्या एकुलत्या एक बारवर उभी होते.

एके दिवशी मी थेल्माकडे चहाला बसले होते, तर जाइल्स आणि रोझलिंड दारात हजर. रोझलिंडच्या हातात लिंबाचा केक.

“थेल्माबाई,” जाइल्सनं बसता बसता सुरुवात केली, “तुम्ही म्हणजे प्लाऊचा आत्मा.”

“आत्मा नाही, भाडेकरू होते.”

“हाच! हाच तो बाणेदारपणा! लोकांना हेच हवंय. आम्हाला तुमच्या आठवणी हव्या आहेत. ऐकून माणूस हेलावला पाहिजे.”

थेल्मानं विचार केला. “मागचा पाद्री एकदा डार्ट्सच्या फळ्याखाली झोपला. लोक त्याच्या डोक्यावरून खेळत होते. ती चालेल?”

“जरा… उबदार काही?” रोझलिंड म्हणाली.

“उबदार? तिथे?”

जाइल्स हसला. हसताना त्याचं लक्ष खिडकीतून समोर गेलं. “ह्या जागेला काय इतिहास आहे, कल्पना आहे तुम्हाला? त्या पायऱ्या, ते छप्पर! अशी इमारत पाडायची आणि तिथे काय? काड्यापेट्या!”

“छप्पर गळतं,” थेल्मा म्हणाली. “झोपायच्या खोलीत बादली असायची. तुम्हाला सांगितलं असतं, पण तुम्ही कधी भेटला नाहीत.”

ते गेल्यावर तिनं केकचा तुकडा तोडला, चावला आणि म्हणाली, “केक चांगला केलाय बयेनं.” मग माझ्याकडे बघून, “तुझं तोंड का उतरलंय?”

मी कौन्सिलमधलं सगळं सांगितलं. तोवर कुणालाच बोलले नव्हते. घर मिळेल असं मोठ्यानं म्हणायलाही भीती वाटत होती. थेल्मानं खिडकीतून प्लाऊकडे बघितलं. त्या इमारतीत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. केन तिथल्याच जिन्यात कोसळला होता. मला वाटलं, आता ही विषय बदलेल.

“मग पाडू देत की,” ती म्हणाली.

“थेल्मा, तुझं घर होतं ते.”

“माझं कधी होतं? भाडं भरलं म्हणून राहिले. आणि मी काय मेल्यावर त्याच्यात जाऊन बसणार आहे? तुझ्या पोरांना झोपायला जागा होत असेल तर पाडू देत. मी स्वतः येते फावडं घेऊन.”

गावच्या हॉलमध्ये मोठी सभा झाली. एवढी माणसं गावात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. येताना प्रत्येकानं घरून आपापली वाईनची बाटली आणली होती. पब वाचवायच्या सभेला! जाइल्सनं पडद्यावर फोटो दाखवले. एक फोटो बारच्या वरच्या काचेच्या पेटीतल्या भुसा भरलेल्या माशाचा. “पिढ्यान् पिढ्या हा मासा विदरथॉर्पच्या गप्पा ऐकत आलाय,” तो म्हणाला, आणि सगळा हॉल हळवा झाला. तो मासा थेल्मानं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणला होता. तिला खरं तर इस्त्रीचं टेबल हवं होतं.

थेल्माला त्या दिवशी सणसणीत सर्दी झाली होती. डोळ्यांतनं, नाकातनं नुसतं पाणी. तरी ती उठली.

“मला एक सांगा,” ती म्हणाली, “तुमच्यातल्या किती जणांना प्लाऊतला संडास कुठे आहे ते माहीत आहे?”

लोक हसले.

“हसू नका, विचारतेय मी. कारण दोन ग्लास प्यालेल्या माणसाला ते माहीत असतं. मी दार उघडं ठेवून बसले होते तेव्हा तुम्ही कुठे होतात? समोरच्या रस्त्यावर! कुत्री मुतवत होतात! आता दाराला फळ्या ठोकल्यावर तुम्हाला तहान लागली?” तिनं नाक शिंकरलं. “पाडू द्या ते. घरं होऊ द्या. ही केरी, ह्याच गावात जन्मली, हिला दोन पोरांसकट मागच्या खोलीत…” इथे तिला जो खोकला आला तो थांबेना. ती रुमाल तोंडाशी धरून खाली बसली.

मी उठायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले होते आणि मी खाली बघत बसून राहिले. तेवढ्यात जाइल्स उभा राहिला. चेहरा असा, जणू मयताला आलाय.

“थेल्माबाईंच्या ह्या दुःखापुढे,” तो म्हणाला, “आपले शब्द तोकडे आहेत.” आणि त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

पुढच्या गुरुवारी तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो आला. रुमालानं डोळे पुसणारी थेल्मा, खाली ठळक अक्षरांत: ‘पबसाठी मालकिणीच्या डोळ्यांत अश्रू’. तिनं पेपर घेतला आणि फेअरब्रदरच्या दारात जाऊन ओरडून आली, “सर्दी होती ती! सर्दी!” रोझलिंडनं तिला मिठी मारली.

मग थेल्मानं पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्याच्यावर काळ्या रंगानं ‘पाडा’ एवढंच लिहिलं आणि आपल्या खिडकीत लावलं. समोरच्या पबकडे तोंड करून. येणारेजाणारे थांबून हसायचे. ‘थेल्माचा विनोद!’ ज्यांना विनोद वाटला नाही त्यांचं म्हणणं पडलं की तिच्या मनावर परिणाम झालाय. घरात कुणी गेलं की आमच्याकडे शेजारी जेवणं पाठवतात, तसं तिच्या दारात काही ना काही येऊन पडायला लागलं. कधी सूप, कधी मटणाचा पाय.

“तू खातेस हे?” मी विचारलं.

“खाते तर! विरोध विरोधाच्या जागी, सूप सुपाच्या जागी.”

लेनकडे रोझलिंड कमिटीच्या अर्जावर सही घ्यायला गेली. तो दारात बाटली घेऊन बसला होता. “पब परत उघडला तर तुम्हाला किती आनंद होईल ना?” तिनं विचारलं. लेन म्हणाला, “आता सवय झाली. इथे बरं पडतं. थेल्मा ओरडत नाही.” तरी तिनं सही घेतलीच, आणि कमिटीनं छापून टाकलं, की गावातल्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाचाही पाठिंबा आहे.

माझ्याशी मात्र लोक जपून बोलायला लागले. एक दिवस बसस्टॉपवर रोझलिंड भेटली. हात माझ्या दंडावर ठेवून म्हणाली, “केरी, तुझ्याबद्दल आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं गं. पण घरं काय, कुठेही बांधता येतात.”

“कुठे?”

“कुठेतरी,” ती म्हणाली, आणि बाजूच्या शेतांकडे न बघता रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागली.

उन्हाळ्यात हॉल्बीला कौन्सिलपुढे सुनावणी झाली. कमिटीनं बस ठरवली होती. जाइल्सनं शेतकऱ्यासारखी टोपी आणि जाड लोकरीचं जाकीट घातलं होतं. आयुष्यात ह्या माणसानं कुदळ धरली नव्हती, त्याची बाग दुसरा माणूस करायचा. ‘आम्ही साधी गावची माणसं’ अशी त्याची सुरुवात. बोलायला प्रत्येकाला अगदी थोडा वेळ. थेल्मा ह्या वेळी शांतपणे बोलली, एकही शिवी दिली नाही, सर्दीही नव्हती. पण सदस्यांपुढे साप्ताहिकाचं कात्रण होतं. एक बाई मऊ आवाजात म्हणाली, “मिसेस ऑडलिंग, इतकी वर्षं दिल्यावर हे बोलताना तुम्हाला किती यातना होत असतील, आम्ही समजू शकतो.”

“यातना नाही होत,” थेल्मा म्हणाली. “घरं बांधा म्हणतेय.”

वेळ संपल्याची घंटा वाजली.

मी पण बोलले ह्या वेळी. काय बोलले आठवत नाही. मग हात वर झाले आणि घरं नामंजूर झाली. प्लाऊ हा गावाच्या जिव्हाळ्याचा ठेवा ठरला. बाहेर पायऱ्यांवर कमिटीनं एकमेकांना मिठ्या मारल्या आणि जल्लोष करायला सगळे चालत गेले, हॉल्बीतल्या हॉटेलात. गावात पब नव्हता ना!

आम्ही दोघी साध्या बसनं परत निघालो. मला खिडकीशी बसवून थेल्मा शेजारी बसली. गाव दिसायला लागलं तसं मला आवरेना.

“रडू नकोस,” ती म्हणाली. “कुणीतरी फोटो काढेल.”

मी रडता रडता हसले. तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आता लोकांना वाटेल, निदान पब तरी सुरू झाला असेल. तो बिल्डरकडून विकत घ्यायचा होता. कमिटीनं घरटी वर्गणी काढली. सह्या ढिगानं होत्या, पाकिटं मोजकी आली. कुणाचं स्वयंपाकघर नवं व्हायचं होतं, कुणी त्याच महिन्यात परदेशी सुट्टीला गेलं होतं. बिल्डरला दुसरीकडे काम मिळालं आणि त्यानं इकडे बघायचंच सोडलं. छपरावरचे शिशाचे पत्रे कुणीतरी चोरून नेले. पावसाळी महिने आले आणि वरच्या मजल्याचा तक्तपोशीसकट एक भाग खाली आला. थेल्मा खिडकीत बसून हे सगळं बघायची. ‘पाडा’चा पुठ्ठा तिनं काढून टाकला. म्हणाली, “आता सांगायची गरज नाही, आपला आपणच पडतोय.”

मग एक दिवस जाइल्स तिच्याकडे आला. एकटाच, केक नव्हता. मी होते तिथे. तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“थेल्माबाई, एक विचार आहे. एका संस्थेकडून मदत मिळू शकेल. पण पब चालवणारं माणूस दाखवावं लागेल. तुमच्याइतका अनुभव…”

“मी? माझं वय काय?”

“तुम्ही फक्त नाव द्या. गाव तुमच्या पाठीशी आहे.”

“पाठीशी नको. बारच्या पुढच्या बाजूला हवंय. कधी येणार तुम्ही प्यायला?”

“आम्ही? येऊ की. मी स्वतः… म्हणजे, महिन्यातून एकदा तरी नक्कीच.”

“आणि बाकीचे दिवस मी काय करू? आरशात बघून ग्लास भरू?”

तो टोपी फिरवत राहिला. थेल्मा आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे बोलली, आणि तेही हळू आवाजात.

“जाइल्स, तुला पब नको होता रे. तुला शेजारी नको होते.”

त्याचा चेहरा लाल झाला. “हे फार अन्यायाचं बोलताय तुम्ही,” तो म्हणाला. “मी दोन वर्षं घातली ह्याच्यात. रात्रीची झोप घालवली.” आणि मला वाटतं, त्याला ते खरंच तसं वाटत होतं. प्लाऊवरच्या आपल्या प्रेमावर त्याचा स्वतःचाच केव्हाचा विश्वास बसून गेला होता. मला क्षणभर त्याची कीव आली. थेल्माला आली नाही. तिनं उठून दार उघडलं.

पुढच्या वर्षी मला हॉल्बीत कपडे धुण्याच्या दुकानावरचा फ्लॅट मिळाला. यंत्रांची घरघर खालून दिवसभर येते. पोरांची शाळा बदलली, एली पहिले काही महिने माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या मैत्रिणी गावातच राहिल्या होत्या, ज्यांच्या बापांची मोठी घरं होती त्या. मी एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लागले. थेल्माही पाठोपाठ हॉल्बीला आली, म्हाताऱ्यांच्या सोसायटीत. गावातल्या लोकांनी तिला निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं. तिनं विचारलं, “कुठे करणार?” कार्यक्रम काही झाला नाही. हॉल्बीत तिचं चांगलं चाललंय. शेजारणींशी भांडते, बुधवारी बिंगो खेळते, आणि रविवारी माझ्याकडे येऊन धाकट्याला पत्त्यांत लबाडी कशी करायची ते शिकवते.

लेन मागच्या हिवाळ्यात गेला. जवळचं कुणी नव्हतं त्याला, एक भाची लांबून आली होती. आम्ही दोघी गावी गेलो. चर्चमध्ये मोजकीच माणसं, जुनी. कमिटीतलं कुणी नव्हतं. माती देऊन झाल्यावर भाची म्हणाली, “आता सगळ्यांनी कुठेतरी बसून एकेक घेऊ या ना, मामांच्या नावानं. इथे जवळ पब कुठे आहे?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिला बिचारीला कळेना काय चुकलं.

“इकडे या,” थेल्मा म्हणाली. आम्ही बसनं येताना दोघींच्या मध्ये एक जड पिशवी होती, तिच्यात काय आहे ते तिनं मला सांगितलं नव्हतं. चर्चच्या कुंपणाची दगडी भिंत कमरेएवढी आहे. तिच्यावर तिनं ग्लास ओळीनं मांडले, जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेले, बाटल्या उघडल्या आणि ग्लास तिरका धरून, फेस होऊ न देता, एकेक भरून द्यायला लागली. मी न सांगता तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात आपोआप चालायला लागले. भिंतीच्या पलीकडे माणसं उभी राहिली. कुणीतरी लेनची बीटच्या शेतातली गोष्ट काढली. मग दुसऱ्यानं. थंडी मरणाची होती, पण कुणी हलेना.

रोझलिंड कुत्रं घेऊन तिकडून चालली होती. आम्हाला बघून थबकली, हात छातीवर ठेवला.

“किती सुंदर!” ती म्हणाली. “अगदी पूर्वीच्या प्लाऊसारखं!”

“घेणार का?” थेल्मानं ग्लास पुढे केला. “लेनच्या नावानं.”

“अय्या, नको नको. मी दुपारची घेत नाही.”

“मग पुढे व्हा. रांग अडतेय.”

ती गेली. थेल्मानं तो ग्लास स्वतःच उचलला, एका दमात अर्धा केला आणि तोंड पुसलं. भाचीनं विचारलं, पैसे कुणाला द्यायचे? थेल्मानं तिला सांगितलं, की इथे आज कुणी विचारू नये, आणि विचारलंच तर तिला बाहेर काढण्यात येईल. मग ग्लास टॉवेलात गुंडाळले, रिकाम्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि आम्ही पाचची बस पकडली.